पाचवा माणूस: मेक्सिकोतले बोलादोरेस कसे बघायचे

पहिल्यांदा बोलादोरेस, म्हणजे उंच खांबावरून दोराने गोल फिरत खाली येणारी मेक्सिकोतली माणसं, बघितले ते चुकून. मेक्सिको सिटीतल्या राष्ट्रीय मानववंशशास्त्र संग्रहालयातून पाय ओढत बाहेर पडले होते. समोर चापुल्तेपेकच्या झाडांमध्ये एक उंच लोखंडी खांब, आणि त्याच्याभोवती लाल विजारीतली चार माणसं डोकं खाली, पाय वर अशी गोल गोल फिरत खाली येत होती. फोन काढला, दीड मिनिटाचा व्हिडिओ घेतला, पुढे आलेल्या टोपीत २० पेसो टाकले आणि 'बघून झालं' म्हणून मोकळी झाले. पुढची दोन वर्षं पुएब्लाला माझ्या घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला मी तो व्हिडिओ कौतुकाने दाखवला.

मग आई आली. वय सत्तर, मानेला पट्टा, आणि 'मला देवळं आणि बाजार दाखव, बाकी काही नको' अशी अट. ऑक्टोबरच्या सुरुवातीला तिला घेऊन क्वेत्सालानला गेले. पुएब्ला राज्याच्या उत्तरेकडच्या डोंगरांतलं हे नाहुआ लोकांचं गाव. ४ ऑक्टोबरला संत फ्रान्सिसचा सण असतो, तेव्हा चर्चसमोर दिवसभर नाच चालतात. चर्चच्या पुढ्यातच तो खांब आहे, लाकडाचा, डोकं मागे टाकून टाकून बघावा असा.

मी एका मोटारींच्या कारखान्यात क्रेन, होइस्ट आणि स्लिंग, म्हणजे जड ओझी उचलायची यंत्रं आणि दोर, तपासायचं काम करते. कुठेही दोर दिसला की माझी नजर आधी गाठीवर जाते. तेव्हाही मी चौघांच्या कमरेच्या गाठी बघत होते, दोर किती जाड आहे याचा अंदाज बांधत होते, मनातल्या मनात सेफ्टी फॅक्टर, म्हणजे दोर गरजेपेक्षा किती पट मजबूत आहे ते, काढत होते. आई पायरीवर बसून, डोकं भिंतीला टेकून वर बघत होती. ती म्हणाली, "अगं, त्या मधल्याला कुणी बांधलंच नाहीये."

खरंच नव्हतं बांधलं. चौघांच्या कमरेला दोर होते. पाचवा त्यांच्या मधोमध, खांबाच्या अगदी टोकावर, जेवणाच्या ताटाएवढ्या जागेवर उभा होता. एका हातात बासरी आणि छोटं ढोलकं, दुसऱ्या हातात टिपरी. धरायला काही नाही. आणि तो तिथे पाय आपटत नाचत होता. माझ्या दीड मिनिटाच्या व्हिडिओत तो कुठेच नव्हता, कारण मी फक्त पडणाऱ्यांकडे बघितलं होतं.

त्यानंतर क्वेत्सालानला पुन्हा गेले, वेराक्रूस राज्यातल्या पापांतला गावी दोनदा गेले, तिथून जवळच्या एल ताहीनच्या जुन्या अवशेषांनाही गेले. जे कुणी मेक्सिकोला येणार असतील त्यांनी माझ्यासारखं शेपूट बघून हत्ती बघितला असं म्हणू नये, म्हणून हे लिहितेय.

आधी शब्द

स्पॅनिशमध्ये 'बोलार' म्हणजे उडणं. बोलादोर म्हणजे उडणारा. लिहिताना व्ही लिहितात, बोलताना ब ऐकू येतो. मधला, न बांधलेला माणूस तो 'कापोराल', म्हणजे म्होरक्या. एवढे दोन शब्द आले की लोक तुमच्याशी बोलायला लागतात.

एक शब्द मात्र टाळा, तो म्हणजे 'शो'. पापांतलात मी एका वयस्कर कापोरालला विचारलं, "पुढचा शो किती वाजता?" त्याने वेळ सांगितली, पण आधी दुरुस्ती केली: सेरेमोनिया. विधी. २००९ साली युनेस्कोने अमूर्त वारशाच्या यादीत याची नोंद केली तीही 'बोलादोरेसचा विधी' अशीच. तिकीट असो, टोपी फिरो, माइकवर निवेदक ओरडत असो, वर चढणाऱ्याच्या हिशेबात तो विधीच असतो. आपल्याला दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या धरायला जड जातं. बावधनचं बगाड ज्यांनी बघितलंय त्यांना कमी जड जाईल. (मल्लखांबाची आठवण येईलच. एकदा येऊ द्या आणि सोडून द्या. मल्लखांबात शरीर खांबाशी खेळतं, इथे खांब हा रस्ता आहे.)

गोष्ट थोडक्यात अशी सांगतात: फार मोठा दुष्काळ पडला. जाणत्यांनी पाच तरुणांना रानातलं सगळ्यात उंच, सगळ्यात सरळ झाड शोधायला पाठवलं. झाडाची परवानगी घेऊन ते तोडलं, उभं केलं, आणि देवाला गाऱ्हाणं नीट ऐकू जावं म्हणून ते टोकावर चढले. पाखरांसारखे फिरत खाली आले, मागोमाग पाऊस आला. म्हणजे उड्डाण हे उत्तर आहे. प्रश्न त्याआधी वर विचारला जातो, आणि तो विचारतो कापोराल.

कुठे आणि केव्हा

मेक्सिको सिटीबाहेर जायला वेळच नसेल तर संग्रहालयासमोरचा खांब आहेच. तिथे उडणारी मंडळी पापांतलाकडचीच असतात, विधीही तोच. फक्त संग्रहालय बघून थकल्यावर जाऊ नका. आधी तिथे जा, बसा, एक फेरी सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघा, मग आत शिरा.

दोन दिवस असतील तर वेराक्रूस राज्यात पापांतला. मेक्सिको सिटीच्या उत्तर टर्मिनलवरून बसने पाच-सहा तास. हा तोतोनाक लोकांचा मुलूख, व्हॅनिलाचाही. बाजारात व्हॅनिलाच्या शेंगांच्या विणलेल्या बाहुल्या मिळतात. बॅगेत ठेवल्या की वर्षभर कपड्यांना वास येतो. गावच्या मुख्य चर्चच्या आवारात खांब आहे. टेकडीवर बासरी वाजवणाऱ्या बोलादोरचा प्रचंड पुतळा आहे, १९८८ सालचा, तेओदोरो कानो या पापांतलाच्याच कलाकाराचा. पुतळा त्यांनी कुणाचा केला बघा: उडणाऱ्याचा नाही, वाजवणाऱ्याचा.

पापांतलाहून छोट्या कोंबी गाडीने अर्ध्या तासाच्या आत एल ताहीन. तिथल्या कोनाड्यांच्या पिरॅमिडला ३६५ कोनाडे आहेत, वर्षाच्या दिवसांइतके. प्रवेशद्वाराबाहेर खांब आहे आणि बरीच गर्दी जमली की मंडळी चढतात. वेळ बदलत राहते, म्हणून पोचल्या पोचल्या विचारा आणि मग अवशेष बघायला जा.

सणांचं म्हणाल तर तीन पर्याय, आणि माझी पसंती ठरलेली आहे. मार्चमध्ये वसंतसंपाताच्या सुमारास ताहीनजवळच्या ताकिल्सुकुत उद्यानात 'कुम्ब्रे ताहीन' भरतो, २००० सालापासून. रात्री मोठमोठे संगीताचे कार्यक्रम, दिवसा कार्यशाळा, नाच, बोलादोरेस. गर्दी अफाट. पण त्याच उद्यानात आदिवासी कलांचं केंद्र आहे, ज्याची युनेस्कोने २०१२ साली वारसा-जतनाचं चांगलं उदाहरण म्हणून दखल घेतली, आणि तिथे लहान मुलं उडायला शिकतात. जत्रेला जाणार असाल तर रात्रीच्या गायकासाठी जाऊ नका, सकाळी लवकर जा. दुसरा पर्याय पापांतलाचा कोर्पुस क्रिस्ती, हा कॅथलिक सण. ईस्टरनंतर साठ दिवसांनी येणारा हा गुरुवार मे-जूनमध्ये पडतो. तेव्हा ग्वाग्वास नावाचा नाचही बघायला मिळतो. त्यात नाचणारे एका उभ्या लाकडी चाकात अडकून रहाटासारखे फिरतात, जणू बोलादोरेसचं चुलत घराणं. तिसरा पर्याय क्वेत्सालान, ४ ऑक्टोबर, आणि माझं मत त्यालाच. गाव छोटं, खांब लाकडाचा, आणि बघणाऱ्यांत अर्धे लोक त्याच गावातले. पांढऱ्या कपड्यातल्या आज्या पहिल्या ओळीत बसलेल्या असतात आणि त्या टाळ्या वाजवत नाहीत.

खांब आधी बघा

पोचल्यावर पहिली दहा मिनिटं खांबासाठी ठेवा, तेव्हा कुणी वर नसतं.

खांब १८ मीटरपासून ४० मीटरपर्यंत असू शकतो. परंपरेने तो 'त्साकात्किवी' नावाच्या झाडाचा. तोडण्याआधी कापोराल आणि बाकीचे झाडाभोवती नाचतात, चारी दिशांना उसाची दारू शिंपडतात आणि रानाच्या म्हाताऱ्या धन्याची, किविकोलोची, माफी मागतात. मग गावकरी झाड ओढून आणतात. ज्या खड्ड्यात ते उभं करायचं त्यात आधी नैवेद्य: कोंबडी किंवा टर्की, अंडी, तंबाखू, दारू, मेणबत्त्या. गावागणिक फरक असतो, पण खांबाला भूक असते आणि ती आधी भागवायची, नाहीतर तो माणूस मागतो, ही समजूत सगळीकडे ऐकली. उडणाऱ्यांनीही विधीआधी काही दिवस ब्रह्मचर्य पाळायचं असतं.

अशी उंच सरळ झाडं आता रानात सहज सापडत नाहीत, म्हणून पुष्कळ ठिकाणी खांब लोखंडी झालेत. माझ्यातल्या इंजिनिअरला लोखंडी खांब बघून हायसं वाटलं. कापोरालला मात्र मी विचारलं तेव्हा तो म्हणाला की लोखंड वर गेल्यावर काही बोलत नाही, लाकूड बोलतं. क्वेत्सालानला बसून ऐकल्यावर कळलं, की चौघं फिरायला लागले की वरून लाकडाचा करकर आवाज खालपर्यंत येतो.

आता टोकाकडे बघा. चार भाग आहेत. टोकावर लाकडाची पोकळ टोपी, तिला 'मान्साना' म्हणजे सफरचंद म्हणतात; ती खांबाच्या टोकावर उखळासारखी पालथी बसते आणि फिरते. तिच्यापासून दोरांनी टांगलेली लाकडी चौकट, 'क्वाद्रो', चौघांच्या बसण्याची. मग खांबाला गुंडाळलेले चार लांब दोर. आणि चढायला खांबाला बांधलेल्या दोराच्या पायऱ्या. बस. बेअरिंग नाही, मोटर नाही, ब्रेक नाही. सगळ्या यंत्राचं इंजिन म्हणजे चार माणसांचं वजन.

बसायचं कुठे

उभं राहू नका, बसा. शक्य असेल तर पाठ आणि डोकं टेकेल अशी भिंत शोधा. सगळा विधी वीस-पंचवीस मिनिटं चालू शकतो आणि मान दहाव्या मिनिटाला संप पुकारते. आईच्या पट्ट्याने त्या दिवशी तिला माझ्यापेक्षा जास्त दाखवलं ते यामुळेच.

खांबापासून किती लांब? खांबाच्या उंचीच्या निम्मं अंतर तरी ठेवा. दोर लांबतील तसा फेरा मोठा होत जातो आणि शेवटी माणसं तुमच्या डोक्याच्या उंचीवरून वेगाने जातात. दोरी किंवा कठडा लावलेला असेल तर त्याच्या आत पाऊलही टाकू नका, कितीही चांगला फोटो दिसत असला तरी. फार लांब गेलात तर बासरी ऐकू येणार नाही, आणि बासरी गेली की निम्मं गेलं.

सूर्य पाठीशी घ्या. सकाळी पूर्वेकडे बसलात तर दुहेरी फायदा: डोळ्यांत ऊन नाही, आणि कापोराल सुरुवात पूर्वेकडे तोंड करून करतो म्हणून त्याचा चेहरा दिसतो. भर दुपारी मात्र कुठेही बसा, सूर्य खांबाच्या टोकावरच असतो, टोपी न्या. क्वेत्सालानला टोपीपेक्षा छत्री कामाची, तिथे 'चिपिचिपी' म्हणजे झिमझिम पाऊस कधीही सुरू होतो आणि धुकं उतरलं की खांबाचं टोक दिसेनासं होतं. पाऊस जोरात असेल किंवा आखाताकडून 'नोर्ते' वारा सुटला असेल तर कुणी चढत नाही. तेव्हा कुरकुर करू नका. ओला दोर कसा वागतो हे मला माहीत आहे.

आधी कान, मग डोळे

खरी सुरुवात जमिनीवर होते आणि बहुतेक पाहुणे ती गप्पांत घालवतात. पाचही जण खांबाभोवती फेर धरतात. कापोराल वाजवतो ती धून 'सोन देल पेर्दोन', माफीची. पावलं साधी आहेत, टाचेचा ठेका, अंग थोडं पुढे झुकलेलं. लक्षात घ्या की यातला प्रत्येक जण पुढच्या काही मिनिटांत धरायला काही नसताना हवेत असणार आहे, आणि आत्ता तो जमिनीची माफी मागतोय.

बासरी वेताची, तीन भोकांची. ती कापोराल डाव्या हाताने वाजवतो, त्याच हाताच्या बोटाला ढोलकं अडकवलेलं असतं, आणि उजव्या हातातल्या टिपरीने त्यावर ठेका. एकच माणूस पूर्ण वाद्यवृंद. सांगतात की बासरी हा पाखरांचा आवाज आणि ढोलकं हा देवाचा. पापांतला या नावातच 'पापान' नावाचा कलकलाट करणारा पक्षी आहे, म्हणजे पाखरांशी नातं गावाच्या नावापासूनच.

फेर चालू असताना पोशाख बघून घ्या, नंतर तो फक्त रंगाचा पट्टा होऊन जातो. पापांतलाकडे लाल विजार, पांढरा सदरा, छातीवर आणि पाठीवर तिरके अर्धगोल मखमली पट्टे, ते पंख. डोक्यावर निमुळती टोपी, तिच्यावर छोटे आरसे सूर्यासाठी, रंगीत फिती इंद्रधनुष्यासाठी, आणि वर पाखराच्या तुऱ्यासारखा पंखा.

मग चौघं एकेक करून चढतात. चौकटीवर बसतात, ती फिरवत फिरवत दोर खांबाला गुंडाळतात. हे काम कंटाळवाणं वाटतं म्हणून लोक तेवढ्यात मक्याचं कणीस आणायला जातात. जाऊ नका. उड्डाणाचं सगळं गणित इथे भरलं जातं. वेढ्यावर वेढा चढला, दोर एकमेकांत अडकला, तर खाली येताना तो मोकळा होणार नाही. चौघं एकमेकांशी बोलतात, एखादा वेढा उलगडून पुन्हा घालतात. आमच्याकडे क्रेनच्या ड्रमवर, म्हणजे रिळावर, वायर रोप गुंडाळताना जी शांतता असते तीच इथे असते.

कापोराल सगळ्यात शेवटी चढतो.

आता फक्त त्याच्याकडे

तो मान्सानावर बसतो. पूर्वेकडे तोंड करून वाजवायला लागतो आणि वाजवता वाजवता पाठ मागे टाकत जातो, इतकी की तोंड आभाळाकडे होतं. मग दुसरी दिशा, तिसरी, चौथी. चौघं चार दिशा आहेत असं म्हणतात, आणि तो मधला म्हणजे पाचवी, जिथून बाकीच्या चार मोजल्या जातात.

मग तो उठून उभा राहतो.

इथे फोन खाली ठेवा. उभा राहून तो त्या तेवढ्याशा लाकडावर पाय आपटतो, वळतो, पुन्हा आपटतो, आणि बासरीत खंड पडत नाही. मान्साना फिरणारी आहे हे विसरू नका. त्याच्या पायाखालची जमीनही हलती आहे. चौघं चौकटीवर बसून तिला पायांनी आणि अंगाने स्थिर धरतात, म्हणजे त्याचा तोल त्यांच्या हातात आहे. आणि थोड्या वेळाने त्यांचा जीव त्याच्या सुरावर. कोण कुणाला सांभाळतंय ते मी तीन वेळा बघून ठरवू शकले नाही.

मी खाली उतरलेल्या एका कापोरालला विचारलंच, की वर तुम्ही बेल्ट का लावत नाही. नोकरीच बोलली माझी. तो हसला. इथे सगळ्या इंजिनिअरांना 'इन्हे' म्हणतात. "इन्हे," तो म्हणाला, "बेल्ट बांधायचा कशाला? माझ्या वर तर काहीच नाही." प्रश्न सुटला नाही, पण उत्तर बरोबर आहे: बेल्ट बांधायला आपल्यापेक्षा वर एक जागा लागते.

हा धोका नाटकी नाही. माणसं पडलेली आहेत, मेलेली आहेत, सणाच्या गर्दीसमोरही. म्हणून वर विधी चालू असताना शिट्ट्या, आरोळ्या, खालून हाका मारणं नको. ड्रोन तर अजिबात नको. मी एकदा क्वेत्सालानला एका पर्यटकाचा ड्रोन खांबाजवळ घिरट्या घालताना बघितला; पहिल्या ओळीतली एक आजी उठली, त्याच्याजवळ गेली आणि हातातली पिशवी त्याच्या रिमोटवर ठेवून उभी राहिली. ड्रोन उतरला.

उड्डाण

कापोराल पुन्हा बसतो, धून बदलते, आणि चौघं एकाच क्षणी पाठीमागे स्वतःला सोडून देतात. एकाच क्षणी, कारण एक जण जरी मागे राहिला तर चौकट एका बाजूला कलंडेल. चार सारखी वजनं चार कोपऱ्यांत, तरच भोवरा सरळ फिरतो.

पुढचं सगळं त्या वेढ्यांचं काम. वजन दोर ओढतं, दोर उलगडतो, उलगडताना चौकट फिरते, फिरताना माणसं बाहेर फेकली जातात आणि दोर लांबेल तसा फेरा मोठा होतो. सुरुवातीला लहान फेरे, वर खांबाला लगटून. शेवटी मोठे, ऐसपैस. दोर कमरेला, पायांत अडकवलेला, डोकं खाली, हात पसरलेले. हातांकडे बघा. नवखा दोराकडे हात नेतो. मुरलेला शेवटपर्यंत पंख मिटत नाही.

फेरे मोजा, मजा येते. परंपरेचा हिशेब असा: प्रत्येकाचे १३ फेरे, चौघांचे मिळून ५२. मेक्सिको आणि मध्य अमेरिकेच्या जुन्या कालगणनेत ३६५ दिवसांचं वर्ष आणि २६० दिवसांचं विधीचं चक्र एकत्र चालायचं, आणि दोन्ही पुन्हा एकाच दिवशी सुरू व्हायला ५२ वर्षं लागायची. (करून बघा: ५२ गुणिले ३६५, १८,९८० दिवस, २६० चे बरोबर ७३ फेरे.) ५२ वर्षं म्हणजे त्यांचं शतक, आणि चार माणसं ते तीन-चार मिनिटांत उलगडून जमिनीवर ठेवतात. पण खांबाचा घेर साधारण एक मीटर धरला तर १३ वेढ्यांत १३ मीटरच दोर मावतो. म्हणून उंच खांबावर जास्त वेढे लागतात आणि फेरेही जास्त होतात. तुमची मोजणी १३ वर थांबली नाही म्हणून 'हे काही खरं नाही' असा निष्कर्ष काढू नका. दिंडीतली पावलं कोण मोजतं?

या सगळ्या वेळात कापोराल फिरत्या टोकावर एकटा बसून वाजवत असतो. सगळ्यांच्या नजरा खाली येणाऱ्यांबरोबर खाली येतात. तुम्ही मधूनच एकदा वर बघा.

जमीन जवळ आली की चौघं झटक्यात सुलटे होतात आणि पाय टेकवून धावत धावत थांबतात. इथे टाळ्या वाजवा, मनसोक्त. मग ते दोर ताणून धरतात आणि कापोराल त्यातल्याच एका दोरावरून सरकत खाली येतो. त्यावेळी गर्दी पांगलेली असते, टोपी फिरायला लागलेली असते, आणि शेवटच्या माणसाचं उतरणं बघणारे मोजके असतात. बसून राहा.

पैसे, फोटो, प्रश्न

टोपीत टाकतात त्याला 'कोऑपेरासिओन' म्हणतात, तिकीट नव्हे. माणशी ५० पेसो हा मी माझ्यापुरता ठरवलेला आकडा. संग्रहालयासमोर त्या दिवशी २० टाकले याची अजून लाज वाटते. चिल्लर आधीच काढून ठेवा. दोनशेची नोट दाखवून सुटे मागणारी माणसं मी बघितली आहेत. विकायला बासऱ्या असतील तर त्यांच्याकडूनच घ्या. घरी वाजणार नाही, पण घ्या.

वर चढण्याआधी कुणालाही फोटोसाठी थांबवू नका. उतरल्यावर विचारून काढा. मुलाला बोलादोरची टोपी घालून फोटो काढायचा हट्ट असेल तर तो हट्ट दुकानातल्या टोपीवर भागवा.

बायका उडतात का, हा प्रश्न तुम्ही विचारणारच. पुएब्लाच्या डोंगरांत उडतात, मी बघितल्या आहेत. परंपरेत मात्र हे पुरुषांचं काम, आणि पापांतलाकडच्या अनेक जाणत्यांना बायकांचं चढणं मान्य नाही. मला याबद्दल मत आहे. 'बाईचं काय काम क्रेनपाशी' हे ऐकत मी या धंद्यात आले. पण खांबाच्या पायथ्याशी उभं राहून पाहुणीने वाद घालू नये एवढं मला कळतं, म्हणून मी एका मुलीला एवढंच विचारलं की पहिल्यांदा सोडून देताना काय वाटलं. ती म्हणाली, दोर जड लागला. एवढंच.

विधी फक्त पापांतलाचा नाही हेही बोलताना लक्षात असू द्या. क्वेत्सालानचे नाहुआ, सान लुईस पोतोसीकडचे तेएनेक, शिवाय ओतोमी, आणि सरहद्दीपलीकडे ग्वाटेमालातले मायाही उडतात, प्रत्येकाचं वेगळं. क्वेत्सालानला जाऊन 'हे पापांतलाचे ना?' म्हणालात तर पुण्यात जाऊन 'मिसळ कोल्हापूरची ना?' विचारल्यासारखं होईल.

शक्य असेल तर एकाच दिवशी दोन फेऱ्या बघा. पहिलीत उडणारे बघून घ्या, त्याशिवाय डोळे ऐकत नाहीत. दुसरीत फक्त कापोराल. आईला आणि मला त्या दिवशी दुसरी फेरी संध्याकाळी मिळाली. धुकं अर्ध्या खांबापर्यंत उतरलं होतं, वरचं काही दिसत नव्हतं, बासरी तेवढी ऐकू येत होती. मग धुक्यातून एकदम चार माणसं फिरत बाहेर आली. आई शेवटपर्यंत बसली, पाचवा उतरून त्याने दोर गुंडाळायला घेतला तरी बसली.

क्वेत्सालानहून पुएब्लाला परतायला चारेक तास लागतात. शेवटची बस किती वाजता सुटते ते सकाळी उतरल्या उतरल्याच विचारून ठेवा. आम्ही विचारलं नव्हतं.